झोपवणारा की झोपणारा? पणजीचा पुतळा आणि आबे फारियाचा ग्रंथ

गेल्या थंडीत मंडळाची वारसा फेरी जुन्या सचिवालयापाशी पोचली, तेव्हा एका शाळकरी मुलीने मला विचारलं, "काका, तो पाद्री त्या बाईला ढकलतोय काय?" सगळे हसले. मी नेहमीचं उत्तर दिलं. हे आबे फारिया, आपल्या कांदोळीचे, संमोहनशास्त्राचे जनक, ते तिला झोपवताहेत. मुलगी काही गप्प बसेना. "पण हात तर लावलाच नाही. मग हातातून काय येतं?" मी म्हटलं, "काहीतरी शक्ती असेल," आणि मंडळींना घेऊन पुढे सटकलो.

घरी आल्यावर मला त्या उत्तराची लाज वाटायला लागली. हातातून काहीही येत नाही, हे सांगण्यासाठी त्या माणसाने शेवटची काही वर्षं खर्ची घातली आणि एक अख्खा ग्रंथ लिहिला. त्याच्याच पायाशी उभा राहून मी नेमकं उलटं सांगून आलो. भरीला, फेरीत वाटतो त्या पत्रकात "नजरेने व हाताच्या इशाऱ्याने माणसांना झोपवणारा गोंयकार" हे वाक्य आहे, तेही माझंच. हा लेख म्हणजे त्या वाक्याची दुरुस्ती समजा, आणि जमलं तर त्या पुतळ्याचं थोडं परीक्षणही.

आधी पुतळ्याबद्दल. तो १९४५ साली उभा राहिला. शिल्पकार गोव्याचेच, रामचंद्र पांडुरंग कामत. झग्यातला उंच फारिया पुढे झुकलेला, दोन्ही हात पसरलेले, बोटं ताणलेली. खाली मागे कलंडत चाललेली स्त्री. शिल्प म्हणून ते जबरदस्त आहे, यात वाद नको. पणजीतले बहुतेक पुतळे नुसते उभे असतात, ह्या पुतळ्यात मात्र काहीतरी घडतंय. संध्याकाळी नदीवरून उजेड आडवा येतो तेव्हा ती बोटं बघवत नाहीत. पण त्याच्या रचनेचा अर्थ सरळ आहे. जोर वरून खाली वाहतो, त्याच्याकडून तिच्याकडे. तो करतो आणि तिला होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस मेस्मरचं म्हणणं हेच होतं, आणि फारियाने खोडलं तेही हेच.

फ्रान्स मेस्मर हा व्हिएन्नाहून पॅरिसला गेलेला डॉक्टर. विश्वात एक सूक्ष्म प्रवाह भरलेला आहे, शरीरात तो अडला की रोग होतो, आणि चुंबकासारखी ताकद असलेला माणूस हाताच्या फिरवणीने तो मोकळा करतो, अशी त्याची उपपत्ती. पॅरिसमध्ये तिचं इतकं वेड पसरलं की १७८४ साली सोळाव्या लुईला चौकशी मंडळ नेमावं लागलं. बेंजामिन फ्रँकलिन, लाव्हॉइझिए, खगोलशास्त्रज्ञ बाई आणि गिलोटीनमुळे नाव राहिलेले डॉ. गिलोतँ ही त्यातली माणसं. फ्रँकलिनच्या बागेत त्यांनी केलेला प्रयोग मला फार आवडतो. मेस्मरच्या शिष्याने एक जर्दाळूचं झाड "भारून" ठेवलं. साधारण बारा वर्षांच्या मुलाला डोळे बांधून एकेका झाडाशी नेलं. भारलेल्या झाडापर्यंत पोचण्याआधीच, न भारलेल्या चौथ्या झाडाशी तो बेशुद्ध पडला. निकाल साफ लागला. प्रवाह वगैरे काही नाही, सगळा कल्पनेचा खेळ.

निकाल बरोबरच होता. पण मंडळ तिथे थांबलं. तो मुलगा पडला तर होता! भारलेल्या झाडाने पडला नाही, मग कशाने पडला? नुसत्या समजुतीने एखादं धडधाकट पोर जमिनीवर येत असेल, तर ती समजूत ही केवढी मोठी गोष्ट झाली. "नुसती कल्पना" म्हणून पंडितांनी जो कागद बंद केला तो पुन्हा उघडणाऱ्या पहिल्या काही माणसांत आपला कांदोळकर येतो. फारियाची थोरवी मला इथे दिसते. "पहिला" आणि "जनक" या बिरुदांवर माझा फारसा जीव नाही.

चरित्र आपल्या वाचकांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. जुझे कुस्तोदियो द फारिया, जन्म १७५६, आईचं घर कांदोळीला, वडील कायतान व्हितोरिनो कोलवाळचे. आईबाप वेगळे झाले. बाप पाद्री झाला आणि आई जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात गेली. १७७१ मध्ये बाप मुलाला घेऊन लिस्बनला निघाला. पुढे रोममध्ये शिक्षण आणि तिथेच १७८० मध्ये दीक्षा. १७८७ च्या पिंटोंच्या बंडाशी बापाचं नाव जोडलं जातं. बंडाच्या पुढच्या वर्षी मुलगा पॅरिसला पोचला आणि पुढे राज्यक्रांतीच्या धामधुमीतही सापडला. १८११ मध्ये मार्सेयच्या लिसेत तो तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला. तिथल्या वैद्यक संस्थेने त्याला सभासद करून घेतलं होतं, ही गोष्ट आपण सांगायला विसरतो. १८१३ मध्ये पॅरिसच्या र्यू द क्लिशीवर त्याने जाहीर वर्ग सुरू केला, प्रवेश पाच फ्रँक. १८१९ मध्ये ग्रंथाचा पहिला खंड निघाला, आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला तो वारला.

लिस्बनच्या राजवाड्यातल्या प्रवचनाची गोष्ट मी मुद्दामच बाजूला ठेवली. तरुण फारिया राणीसमोर बोलताना अडखळला, तेव्हा बापाने कोकणीतून हळूच सांगितलं की ही समोरची सगळी भाजी आहे, काप भाजी, आणि पोरगं धडाधड बोलत सुटलं. गोष्ट गोड आहे आणि प्रत्येक गोंयकाराला पाठ असते. पण तिच्यावरून "सूचनेचं सामर्थ्य त्याला इथेच उमगलं" असं लिहिणाऱ्यांशी माझं जुळत नाही. घाबरलेल्या मुलाला धीर देणारा बाप जगभर असतो. त्यातली बहुतेक मुलं पुढे शास्त्रज्ञ होत नाहीत. "हे सगळं त्याने आपल्या योगशास्त्रातून नेलं" हेही तसंच. पॅरिसमध्ये ब्राह्मण म्हणून मिरवणं त्याला आवडायचं आणि पॅरिसलाही ते आवडायचं. पण त्याच्या पानांवर मला वाद दिसतो तो मेस्मर आणि प्युसेग्यूर यांच्याशी, फ्रेंच भाषेत आणि रोमन पाद्र्याच्या तर्कपद्धतीने.

आता ग्रंथाकडे. नावाचा अर्थ साधारण "सजग निद्रेच्या कारणाविषयी". डॉ. दालगादो यांनी १९०६ साली तो पुन्हा छापला, म्हणून आज हाती लागतो. फ्रेंच येणाऱ्या एका मित्राला शेजारी बसवून मी जमेल तसा वाचला. खरं सांगायचं तर पुस्तक जड आहे. वाक्यं लांब, मध्येच आत्म्याविषयीची चर्चा, मध्येच टीकाकारांना टोले. अनेक खंडांचा बेत होता, एकच झाला, आणि ते जाणवतं. पण त्या गुंत्यातून मुद्दा मात्र ठसठशीत वर येतो.

मुद्दा असा. शक्ती जर झोपवणाऱ्यात असती तर समोरचा प्रत्येक जण झोपला असता. तसं होत नाही, काही जणच झोपतात. झोपवणाऱ्याने इच्छा केली तरी ते झोपतात, केली नाही तरी झोपतात, आणि त्याची इच्छा उलट असली तरी झोपतात. मग त्याच्या इच्छेला कारण कसं म्हणायचं? कारण झोपणाऱ्यात आहे. तो मन बाहेरून काढून आत गोळा करतो, ज्याला फारिया एकाग्रता म्हणतो, आणि रोजच्या झोपेची जातही तीच. म्हणून त्याने मेस्मरच्या टबा-सळ्या टाकल्या, तास तास हात फिरवणं टाकलं. माणसाला आरामात बसवायचं, डोळे मिटून झोपेचा विचार करायला सांगायचं, आणि मग एक मोठा हुकूम सोडायचा: "दोर्मे!", म्हणजे झोपा. एवढंच. सारी उपकरणं गेली आणि शब्द तेवढा उरला.

मराठीत हे सगळं एका अक्षरात मावतं. "झोपवणारा" मधला "व" काढला की फारियाचा सिद्धांत हाती येतो. आपली भाषा मात्र तो "व" सोडायला तयार नाही. मोहिनीविद्या म्हणा, वशीकरण म्हणा, नाहीतर आजचं संमोहन म्हणा, तिन्ही शब्दांत कोणीतरी कोणावर तरी जाळं टाकतो. फारियाने झोपणाऱ्यासाठी ग्रीक गूढविधींतला शब्द उचलला होता, एपोप्त, म्हणजे ज्याला दिसतं तो. झोपणाऱ्याला त्याने पाहणारा केलं, आणि आपण त्याला मोहात पडलेला म्हणतो.

आता पुतळ्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे. पहिल्या मसुद्यात मी कामतांवर बराच घसरलो होतो, ते आता खोडलं आहे. कारण ग्रंथातच एक उपाय दिला आहे. हुकुमाने झोप लागली नाही तर उघडा तळवा समोर धरायचा, त्याकडे बघायला लावायचं आणि तो हळूहळू जवळ आणायचा. तेही नाही साधलं तर कपाळ, नाकाचा वरचा भाग, छाती, गुडघे, पावलं यांना हलका स्पर्श. म्हणजे हात आहे! शिल्पकाराने तो हवेतून आणलेला नाही. फरक अर्थाचा आहे. ग्रंथातला हात बघण्यासाठी आहे, नजर खिळवायची खुंटी. त्याजागी दिवा ठेवला तरी चाललं असतं. फारियानंतर चोवीस वर्षांनी, १८४३ च्या आपल्या पुस्तकात, मँचेस्टरच्या जेम्स ब्रेडने चकचकीत वस्तूकडे टक लावायला लावून नेमकं हेच दाखवलं. पुतळ्यातल्या स्त्रीची नजर कुठेच खिळलेली नाही. ती नुसती पडते आहे.

आणि फारियालाही त्या "व"चा मोह पूर्ण सुटला नव्हता. वर्ग चालवणाऱ्याला तो एकाग्र करणारा म्हणतो, म्हणजे प्रयोजक मागच्या दाराने आलाच. वर्गही तसा नाटकीच, उंच सावळा परदेशी पाद्री आणि खणखणीत हुकूम. शातोब्रियाँने आठवणींत टवाळी केली आहे की जेवणाच्या टेबलावर याने कॅनरी पक्षी भारून मारून दाखवायची बढाई मारली आणि शेवटी पक्षीच वरचढ ठरला. ते शब्दशः खरं मानायचं कारण नाही, पण धूर कुठून निघाला ते कळतं. १८१६ मध्ये त्याच्यावर प्रहसन झालं, लोक हसले आणि वर्ग ओसरला.

शास्त्र म्हणूनही सगळंच टिकलेलं नाही. काहींनाच झोप का लागते याचं त्याचं उत्तर "रक्त पातळ असतं म्हणून". रक्त काढलं की दिवसभरात न झोपणाराही झोपू लागतो, असं तो लिहितो. हे आज कोणी मानत नाही. पण प्रश्न बघा. उत्तर झोपणाऱ्याच्याच शरीरात शोधायचं, हे त्याने धरून ठेवलं. चुकीच्या उत्तराचीही दिशा बरोबर होती.

इतिहास मात्र त्या दिशेने सरळ गेला नाही. एप्रिल १८४५ मध्ये बंगालात हुगळीला जेम्स एस्डेल या सर्जनने गुंगीतल्या कैद्यावर शस्त्रक्रिया केली, आणि पुढे अशा कितीतरी. ईथर-क्लोरोफॉर्म यायचे होते. माणसांना कापताना वेदना वाचली, ही केवढी गोष्ट. पण पद्धत जुनीच, त्याचे हिंदुस्थानी मदतनीस रोग्यावरून तास तास हात फिरवत बसायचे, आणि एस्डेलचा विश्वास प्रवाहावरच. फारियाला जाऊन सव्वीस वर्षं झाली होती आणि त्याचा शब्द त्याच्याच मायदेशाच्या दुसऱ्या टोकाला पोचला नव्हता. तो पोचला फ्रान्समध्येच. त्याच्या वर्गाला बसलेल्या नोआझे या लष्करी अधिकाऱ्याच्या लिखाणातून तो नान्सीच्या लिएबो आणि बर्नहाइम या डॉक्टरांपर्यंत गेला, आणि १८८० च्या दशकात सूचनेने उपचार हा वैद्यकाचा विषय झाला. बर्नहाइमने ऋण मान्य केलं. पोर्तुगालच्या एगाश मोनिशने, ज्यांना पुढे नोबेल मिळालं, १९२५ मध्ये त्याच्यावर पुस्तक लिहिलं.

आपल्याकडे त्याच्या नावाचा मडगावात रस्ता आहे, पणजीत पुतळा आहे, आणि दुमाच्या "काउंट ऑफ माँटे ख्रिस्तो"मुळे निम्म्या लोकांना तो तुरुंगात मेला असं वाटतं. कादंबरीतला फारिया इटालियन आहे. आपला पॅरिसमध्ये मेला. हे दर फेरीत सांगावं लागतं.

पत्रकातलं वाक्य मी बदललं आहे. आता तिथे असं आहे: "झोप झोपणाऱ्यातूनच येते, असं दोनशे वर्षांपूर्वी सांगणारा गोंयकार पाद्री." मंडळात एकाने हरकत घेतली की हे वाचून पर्यटकाला पुतळा कळणार नाही. शक्य आहे. म्हणून पुढच्या फेरीत थांबायची जागाही बदलतोय. आपण नेहमी फारियाच्या समोर उभे राहतो आणि त्या बोटांकडे बघत बसतो. या वेळी त्या स्त्रीच्या बाजूने उभे राहू आणि आधी तिच्याविषयी बोलू. ती मुलगी पुन्हा आली तर पहिला प्रश्न तिलाच विचारायचा आहे.