तारखेची तपासणी : स्वरूप आणि साक्ष

जुन्या नोंदी संगणकात भरणाऱ्या आज्ञावलींत तारखेची जी तपासणी होते, ती बहुधा केवळ स्वरूपाची असते. दिवस, महिना व वर्ष यांचे अंक ठरलेल्या क्रमाने आणि मर्यादेत आले, की नोंद स्वीकारली जाते. ही तपासणी आवश्यक असली तरी ती पुरेशी मानण्याची प्रवृत्ती चिंत्य आहे.

गोंदिया शहराजवळील नागरा येथील एखाद्या शाळेचे जुने जनरल रजिस्टर संगणकावर घ्यावयाचे आहे, असे मानू. त्यातील ‘०४/०५/१९६८’ ही नोंद म्हणजे ४ मे. परंतु अमेरिकी रीतीने महिना आधी वाचणारी आज्ञावली तिचे ५ एप्रिल करते. दिवसाचा अंक १२ पेक्षा मोठा असेल तरच ही चूक उघडकीस येते. वर्षातील १४४ तारखा दोन्ही रीतींनी वाचता येतात. त्यांपैकी १२ तारखांत दिवस व महिन्याचा अंक एकच असल्याने काही बिघडत नाही. उरलेल्या १३२ मात्र निमूटपणे बदलतात. म्हणजे नाकारलेल्या नोंदी निदान पुन्हा पाहिल्या जातात, खरा धोका स्वीकारलेल्या नोंदींत असतो. जन्मतारखेवर सेवानिवृत्तीचा दिवस ठरत असल्याने ही बाब किरकोळ म्हणता येत नाही. रजिस्टरातील अक्षरी तारखेशी ताळा घेतल्यास ही चूक तत्काळ सापडते. परंतु नेमका तोच रकाना पुनरुक्ती समजून वगळला जातो. (प्रवेशाच्या सोयीसाठी गुरुजींनी घातलेली ‘१ जून’ मात्र अक्षरी नोंदीनेही पकडली जात नाही.) जिल्ह्याच्या रकान्याचाही असाच उपयोग होतो. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. १९६८ च्या मूळ कागदावर ‘जिल्हा गोंदिया’ आढळल्यास तो कागद नंतरची नक्कल असण्याचा संभव आहे.

पुनरुक्ती वाटणारा मजकूर पुराव्याचे काम कसे करतो, हे मराठ्यांच्या इतिहासातील एका प्रसिद्ध तारखेवरून अधिक स्पष्ट होते. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रकाशित केलेल्या जेधे शकावलीत शिवजन्माची मिती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी असून सोबत शुक्रवार हा वारही दिला आहे. तिची रूढ इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३०. ही तारीख आज्ञावलीस दिल्यास स्वरूपाच्या कसोटीवर ती निर्दोष ठरते. पण वार विचारल्यास उत्तर येते मंगळवार. शकावली चुकलेली नसते. इतिहासकारांची तारीख ज्युलियन गणनेची असते आणि संगणक ती ग्रेगोरियन समजतो. ग्रेगोरियन गणनेनुसार तो दिवस १ मार्च १६३० होय, आणि तो शुक्रवारच आहे.

त्यामुळे सतराव्या शतकातील कागदांच्या माहितीसंचात तारखेच्या रकान्याशेजारी कालगणनेचा आणि मूळ मितीचा असे दोन रकाने अपरिहार्य ठरतात. इंग्लंडने ग्रेगोरियन गणना १७५२ मध्ये स्वीकारली. पोर्तुगालने ती १५८२ मध्येच स्वीकारली होती. सुरतेच्या इंग्रज वखारीचे पत्र आणि गोव्याचे पोर्तुगीज पत्र एकाच दिवशी लिहिलेले असले, तरी त्यांच्या तारखांत १० दिवसांचे अंतर पडते, आणि आज्ञावली दोन्ही बिनतक्रार स्वीकारते.