बीज आणि भूमी : 'द ब्लूएस्ट आय'मधील बालपण

'मी हीन आहे' ही जाणीव घेऊन कोणीही जन्मास येत नाही; ती शिकविली जाते. ही शिकवण बालपणी कशी मिळते आणि प्रौढपणी तीच 'मी' होऊन कशी उभी राहते, याचे दर्शन टोनी मॉरिसन (१९३१–२०१९) या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेच्या 'द ब्लूएस्ट आय' (१९७०) या पहिल्या कादंबरीत घडते. ओहायो राज्यातील लोरेन येथे १९४१ च्या सुमारास घडणारी ही कथा आहे. अकरा वर्षांची पिकोला निळ्या डोळ्यांसाठी प्रार्थना करते. डोळे निळे झाले की आपण प्रिय होऊ, असे तिला वाटते.

या इच्छेमागे गोऱ्या समाजाची सौंदर्यकल्पना आहे, हे उघडच आहे. परंतु लेखिका तेथे न थांबता पिकोलाच्या आईबापांच्या बालपणापर्यंत मागे जाते. चॉलीला जन्मानंतर चौथ्या दिवशी आईने उकिरड्यावर टाकले. किशोरवयात दोन गोऱ्या शिकाऱ्यांनी बंदुकीच्या धाकाने त्याची विटंबना केली, तेव्हा त्याचा द्वेष त्यांच्याकडे न वळता सोबतच्या असहाय मुलीकडे वळला. पॉलिनचा पाय दोन वर्षांची असताना खिळा घुसून अधू झाला. आपल्या एकाकीपणाचे खापर तिने त्या पायावरच फोडले. पुढे ती गोऱ्या कुटुंबात चाकरी करते. तेथील मुलगी तिला लाडाने 'पॉली' म्हणते. पोटची पिकोला मात्र 'मिसेस ब्रीडलव्ह' म्हणते. एका संबोधनात लेखिकेने सारा वियोग सांगितला आहे.

संयुत्तनिकायातील सोणसुत्तात 'मी श्रेष्ठ', 'मी समान' आणि 'मी हीन' अशा तीन कल्पनांचा निर्देश आहे. तिसरीलाही परंपरेने 'मान'च म्हटले आहे, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. हीनता ही नम्रता नव्हे. तीही 'मी'ला घट्ट धरून ठेवणारी पकड आहे. ब्रीडलव्ह कुटुंबाने आपली कुरूपता अशीच धरून ठेवली आहे.

येथे दोन गैरसमज टाळले पाहिजेत. चॉली पुढे स्वतःच्या मुलीवर अत्याचार करतो. त्याचे बालपण या कृत्याची कारणे दाखविते, त्याला निर्दोष ठरवीत नाही. दुसरे असे की, या दुःखास पूर्वजन्मीचे फळ म्हणणे म्हणजे अन्याय करणाऱ्यांना मोकळे सोडणे होय. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असा कर्मविचार नाकारला आहे, याचे स्मरण ठेवावे.

त्याच वस्तीतील नऊ वर्षांची क्लॉडिया गोरी बाहुली मोडून पाहते. तीही त्याच समाजात वाढते. पण आजारपणात तिच्या छातीला मलम चोळणारे आईचे कठोर, तरीही काळजीवाहू हात तिला लाभले आहेत. प्रत्यय बदलला की फळ बदलते.

कादंबरीत एक उणीव जाणवते. चॉलीच्या अंतरंगाला मिळालेला अवकाश पिकोलाला जवळजवळ अखेरपर्यंत मिळत नाही. मिळतो तेव्हा तिचे मन ढळलेले असते. तथापि प्रौढ क्लॉडियाचा निष्कर्ष ही उणीव बरीचशी भरून काढतो. बालपणी पेरलेली झेंडूची बीजे उगवली नाहीत, तेव्हा तिने स्वतःला दोष दिला होता. आता तिला भूमीचा दोष दिसतो. हीन ठरविलेल्या माणसाने स्वतःकडे पुन्हा पाहावयास आरंभ करावा, तो येथून.