नृत्याविना नृत्यधून : ‘द ग्लोमिंग’ची पहिली ध्वनिमुद्रिका

परंपरागत संगीत ध्वनिमुद्रणगृहाच्या संस्कारातून सफाईदार होऊन आले, की त्याविषयी दोन मते पडतात. एका पक्षाला त्यात परंपरेचा ऱ्हास दिसतो, दुसऱ्याला उत्कर्ष. ‘द ग्लोमिंग’ या पाच कलावंतांच्या वृंदाने २०१४ साली प्रसिद्ध केलेली आयरिश संगीताची ध्वनिमुद्रिका या वादाचा विचार करण्यास विशेष उपयुक्त आहे. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट आयरिश संग्रहासाठीचे ‘चॉइस’ पारितोषिक तिला लाभले. आणि हे पारितोषिक केवळ परंपरागत संगीतापुरते नाही.

आयरिश नृत्यसंगीत हे मूलतः एकेरी स्वरावलीचे संगीत आहे. ‘रील’ ही द्रुत नृत्यधून बहुधा आठ-आठ मात्राखंडांच्या दोन भागांची असते, आणि ती पुनःपुन्हा वाजविली जाते. कलावंताचे कौशल्य प्रत्येक आवर्तनातील सूक्ष्म फरकांत, स्वराला निसटता स्पर्श करणाऱ्या ‘कट’मध्ये आणि त्याच्याभोवती फिरणाऱ्या ‘रोल’मध्ये दिसून येते. धून तीच राहते; परंतु दोन आवर्तने सहसा एकसारखी नसतात.

या संगीताचे एखादे अस्पर्शित मूळ रूप होते व ते अलीकडच्या सफाईने बिघडले, अशी समजूत मात्र टिकण्यासारखी नाही. स्लायगो परगण्यातील मायकेल कोलमन हे अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्क येथे त्यांनी फिडलवादनाच्या तबकड्या मुद्रित केल्या. तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीनच मिनिटे मावत. त्या तबकड्या आयर्लंडात परतल्या आणि इतर परगण्यांतील वादकही त्यांचे अनुकरण करू लागले. १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नृत्यास परवाना आवश्यक ठरला. नृत्य घरांतून सभागृहांत गेले आणि मोठ्या सभागृहास पुरेल असा आवाज देणारे ‘केली’ वाद्यवृंद वाढले. पुढे १९६० नंतर शॉन ओ रिअडा यांनी या वृंदांवर कठोर टीका करून, शांतपणे बसून ऐकण्याजोगी योजनाबद्ध मांडणी पुढे आणली. तात्पर्य, तबकडी, कायदा आणि रंगमंच यांनी परंपरेला वेळोवेळी नवे वळण दिले आहे.

प्रस्तुत ध्वनिमुद्रिकेत या इतिहासाचे दोन प्रवाह एकत्र येतात. फिडलवादक मार्टिन हेझ हे क्लेअर परगण्यातील. त्यांचे वडील प्रसिद्ध टुला केली वृंदाचे नेते होते. गायक ईअर्ला ओ लिनार्ड हे कॉर्क परगण्यातील कूले या गावचे. ओ रिअडा यांनी तेथे स्थापिलेल्या गायकवृंदात त्यांचे बालपण गेले. ज्या दोन परंपरांचा एके काळी उघड विरोध होता, त्यांचे वारस येथे एकाच सुरावर उभे आहेत. क्वीवीन ओ रायली यांच्या हार्डांगर जातीच्या वाद्याला तरफांची जोड आहे. शिकागोचे डेनिस केहिल (मृत्यू २०२२) यांची गिटार मितभाषी आहे. पियानो टॉमस बार्टलेट या अमेरिकन वादकाचा आहे.

कोलमन यांनी १९३४ साली मुद्रित केलेल्या एका प्रसिद्ध धूनमालिकेत ‘द सेलर्स बॉनेट’ ही रील अखेरीस येते. तीच येथे स्वतंत्रपणे आली आहे. कोलमन यांच्या वादनात नर्तकाचे पाऊल गृहीत आहे. हेझ यांच्या वादनात गती मंदावते, आणि पूर्वी वेगात विरून जाणारी वळणे स्पष्ट होतात. ‘ओपनिंग सेट’ ही सोळा मिनिटांहून दीर्घ रचना गायनाच्या संथ वातावरणातून हळूहळू द्रुत नृत्यधुनींपर्यंत चढते. नृत्य येथे गृहीत धरलेले नाही; ते श्रोत्याच्या मनात क्रमाने जागे केले जाते. सफाईचे खरे समर्थन येथे मिळते, कारण ती धुनीच्याच अंगी असलेले काही प्रकट करते.

परंतु दोषही याच सफाईतून उद्भवतो. जुन्या फिडलवादकांचा निषाद पुष्कळदा शुद्ध व कोमल यांच्या मधोमध डोलत राहतो. धुनीचा भाव अनिश्चित राखण्याचे सामर्थ्य त्यात आहे. पियानोचे स्वर स्थिर असल्याने त्याचा स्वरमेळ ही अनिश्चितता संपवितो आणि श्रोत्याने कोणता भाव अनुभवावा हे आधीच ठरवून टाकतो. पियानोची साथ कोलमन यांच्या तबकड्यांतही होती. मात्र तेथे ती तालाचे काम करी, येथे ती वातावरण निर्माण करते. ‘सॅमरा, सॅमरा’ हे ग्रीष्माच्या स्वागताचे परंपरागत लोकगीत याचे उदाहरण म्हणून देता येईल. ऋतूला सर्वांनी मिळून घरी आणण्याचा त्यातील आनंद येथे एकाकी हुरहुरीत रूपांतरित झाला आहे. गायन अत्यंत सुंदर आहे. पण ज्या समूहाने ते गीत गावे तो समूह त्यातून नाहीसा झाला आहे.

तेव्हा सफाई ही स्वतः गुण नाही व दोषही नाही. तिच्यामुळे धून अधिक मोकळी होते की बंदिस्त, हा निकष लावला पाहिजे. हेझ यांचा गज जेथे पुढे असतो तेथे ही ध्वनिमुद्रिका परंपरेला पुढचे पाऊल देते. पियानो जेथे आधी बोलतो तेथे तिचे केवळ स्मरण उरते. तिचे मूल्य यात आहे, की हा भेद ती आपल्याच स्वरांतून ऐकू येईल इतका स्पष्ट करते.