हरित चहा, लोहबंधन आणि कर्कपेशी : एका अनुमानाची चिकित्सा

हरित चहातील कॅटेचिन द्रव्ये लोहाला बांधून ठेवतात आणि लोहावाचून कर्कपेशींची वाढ खुंटते. सबब हरित चहाची कर्करोधक क्रिया लोहबंधनामुळे घडते, असे अनुमान संशोधनलेखांतून वारंवार मांडले जाते. यातील पहिली दोन विधाने स्वतंत्रपणे पाहता खरी आहेत. त्यांपासून तिसरे निष्पन्न होते काय, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

प्रथम रसायनाची बाजू पाहू. हरित चहातील प्रमुख कॅटेचिन म्हणजे एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट, अर्थात ईजीसीजी. त्याच्या रेणूतील दोन वलयांवर प्रत्येकी तीन हायड्रॉक्सिल गट लगोलग असतात व ते फेरिक लोहाशी घट्ट संयोग पावतात. हिरड्याच्या काढ्यात लोहक्षार घालून काळा रंग करण्याची आपल्याकडील जुनी रीत याच जातीच्या रसायनावर आधारलेली आहे. पेशीविज्ञानाची बाजूही तितकीच भक्कम आहे. डीएनएचे घटक सिद्ध करणारे रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज हे विकर लोहावाचून चालत नाही; अनेक कर्कपेशी ट्रान्सफेरिन-ग्राहकांची संख्या वाढवून अधिक लोह ओढून घेतात; आणि डेस्फेरीऑक्झामिन या लोहबंधक औषधाने संवर्धित कर्कपेशींची वाढ रोखता येते.

अडचण आहे ती या दोहोंना जोडणाऱ्या पुराव्याची. ईजीसीजीने पेशी मरतात, सोबत लोहक्षार घातल्यास वाचतात, तेव्हा मृत्यूचे कारण लोहाची उणीव होय, हा युक्तिवाद सकृद्दर्शनी निर्दोष वाटतो. परंतु बाहेरून घातलेले लोह पेशीतील उणीव भरून काढू शकते, तसेच पोषणद्रवातच ईजीसीजीला गाठून त्याला निष्प्रभही करू शकते. दुसऱ्या पक्षी पेशीत लोहाची उणीव कधी उत्पन्न झालीच नव्हती, असे होईल. जे निरीक्षण दोन्ही उपपत्तींशी सारखेच जुळते, ते त्यांपैकी एकीचा पुरावा म्हणून स्वीकारता येत नाही. ही शंका केवळ तार्किक नव्हे. बोर्टेझोमिब या कर्करोगावरील औषधातील बोरॉनयुक्त गटाशी ईजीसीजी थेट संयोग पावते व औषधाची क्रिया थांबवते, असे २००९ साली ‘ब्लड’ या नियतकालिकातील संशोधनात दाखविले गेले. हे औषध घेणाऱ्या रुग्णाने हरित चहाचा अर्क हितकर समजून सेवन करणे म्हणूनच धोक्याचे ठरू शकते.

दुसरा आक्षेप पोषणद्रवाविषयी आहे. त्यात ईजीसीजी स्थिर राहत नाही. त्याचे ऑक्सिडीकरण होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होते, हे लाँग, क्लेमेंट व हॅलिवेल यांनी २००० साली निदर्शनास आणले. तेव्हा पेशी लोहाच्या अभावी मेल्या की पेरॉक्साइडने, हे कॅटालेज विकर घालून तपासल्यावाचून सांगता येत नाही. लोहाच्या उणिवेची खूण म्हणून ट्रान्सफेरिन-ग्राहकांची वाढ दाखविली, तरी पेरॉक्साइडही लोहनियामक प्रथिनास जागृत करते; म्हणजे ती खूणही एकार्थी नव्हे.

तिसरा आक्षेप मात्रेचा. प्रयोगपात्रांत ईजीसीजीचे प्रमाण बहुधा १० ते १०० मायक्रोमोलर असते. नेहमीच्या चहापानानंतर रक्तद्रवात ते सहसा १ मायक्रोमोलरही भरत नाही. पुरेशा मात्रेत चहा व लोह यांची गाठ पडते ती अन्नमार्गात. चहामुळे अन्नातील लोहाचे शोषण घटते, हे १९७५ साली ‘गट’ या नियतकालिकातील अभ्यासात मानवांवर दाखविले गेले. आधीच पांडुरोगाने ग्रासलेल्या रुग्णाच्या बाबतीत या परिणामास लाभ म्हणता येणार नाही.

मानवी पुरावाही या अनुमानाला निर्णायक आधार देत नाही. जपानच्या मियागी प्रांतातील २६,३११ रहिवाशांच्या पाहणीत हरित चहा व जठराचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. ती पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. १४२ अभ्यासांचा परामर्श घेणाऱ्या २०२० सालच्या कॉक्रेन समीक्षेसही परस्परविसंगत निष्कर्षच हाती लागले.

याचा अर्थ लोहबंधनाची उपपत्ती त्याज्य आहे, असा नव्हे. ती सिद्ध करावयाची, तर किमान चार गोष्टी अपेक्षिल्या पाहिजेत : कॅटालेजच्या उपस्थितीत प्रयोग, पेशीच्या आतील लोहाचे प्रत्यक्ष मापन, हायड्रॉक्सिल गट झाकून लोहबंधनास असमर्थ केलेल्या रेणूशी तुलना, आणि ईजीसीजी धुऊन काढल्यानंतर लोह देऊन केलेली परीक्षा. यांतील शेवटची सर्वांत सोपी आहे. पोषणद्रवात ईजीसीजी उरलेच नसेल, तर तेथे त्याला निष्प्रभ करण्याचा प्रश्न राहत नाही, आणि पेशी सावरल्यास पहिल्या उपपत्तीचे पारडे जड होते. या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने आरंभ तेथूनच करावा.