अंतर जास्त, वेळ कमी

दोन विमानतळांमधील अंतर आणि प्रवासाचा वेळ देणारे तक्ते वर्गात सर्रास वापरले जातात. अंतर भागिले वेग, की झाला वेळ! या हिशेबात वाऱ्याला जागाच नसते. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने आपले दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेले. मार्ग सुमारे १४०० किलोमीटरने लांबला, तरी जवळजवळ दोन तास वाचले. विमानाचा वेग हवेच्या सापेक्ष असतो. उंचावरचे पश्चिमी जेट वारे पूर्वेकडे जाताना त्यात मिळवावे लागतात, पश्चिमेकडे जाताना वजा करावे लागतात. म्हणून तक्त्यात जाण्याचा व येण्याचा वेळ स्वतंत्र छापावा, आणि शिक्षकांनी या फरकाचे कारण विद्यार्थ्यांनाच विचारावे.