चौथा टॅपेट

रॉबर्ट पर्सिगच्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ची ख्याती तत्त्वज्ञानाचं पुस्तक म्हणून आहे. 1974 साली ते आलं. त्याआधी 121 प्रकाशकांनी ते नाकारलं होतं, ही गोष्टही पुस्तकाइतकीच प्रसिद्ध झाली. वाचणारे त्यातली ‘क्वालिटी’ची चर्चा वाचतात, निवेदकाचंच पूर्वरूप असलेल्या फीड्रसच्या वेडाची कहाणी वाचतात आणि मोटरसायकलीची पानं भराभर उलटतात. मला विचाराल तर सगळ्यात घट्ट विणलेली पानं आठव्या प्रकरणात आहेत, आणि त्यांत निवेदक काय करतो? गाडीचे चार टॅपेट तपासतो. बस्.

प्रसंग साधा आहे. मिनेसोटाहून पश्चिमेकडे निघालेले चौघे माँटानातल्या माइल्स सिटी नावाच्या गावी मुक्कामाला आहेत. सकाळचे दहा वाजलेत. हॉटेलच्या मागे, सावलीतल्या गार दगडी कडेवर निवेदक गाडीशेजारी बसलाय. सिल्व्हिया त्याच्या मुलाला, क्रिसला, घेऊन सगळ्यांचे कपडे धुवायला गेली आहे. तिचा नवरा जॉन हेल्मेटला लावायची झापड शोधत गावात हिंडतोय. लेखकानं माणसं अशी बेमालूम पांगवली आहेत आणि निवेदकाला यंत्राजवळ एकटं बसवलंय. सावलीचा तपशीलही उगाच आलेला नाही. हे काम थंड इंजिनावर करायचं असतं. नागपूरकराला ते वेगळं सांगायला नको. मे महिन्यात आपल्याकडे थंड इंजिन म्हणजे पहाटेचं इंजिन. अकरानंतर उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लावायची सोय नसते. वर्धा रोड असो की कामठी रोड, गॅरेजवाला कडुनिंबाची सावली पाहूनच गाडी लावून घेतो.

इंजिनाचं झाकण कधी न उघडलेल्या वाचकासाठी दोन वाक्यं. कॅमचा उंचवटा फिरत येऊन रॉकरला उचलतो आणि रॉकर वाल्व्ह दाबून उघडतो. धातू तापला की वाढतो, म्हणून थंड असताना या साखळीत कुठेतरी केसभर फट ठेवावी लागते; टॅपेट तपासणं म्हणजे ही फट मोजणं. फट वाढली की रॉकर वाल्व्हच्या टोकावर आपटतो आणि टिकटिक सुरू होते. फट फारच कमी झाली की वाल्व्ह नीट मिटत नाही आणि जळतो. तेव्हा आवाज मात्र काही येत नाही. आपल्या ओळखीचं उदाहरण म्हणजे बजाज टेम्पोची मॅटाडोर. एके काळी नागपुरात शाळेची मुलं, लग्नाची वऱ्हाडं आणि देवदर्शनाला निघालेली कुटुंबं तिच्यातूनच जायची. तिच्यात पुढे जे मर्सिडीजचं ओएम 616 डिझेल इंजिन आलं, त्याला चार सिलिंडर आणि आठ वाल्व्ह. थंड असताना इनलेटला 0.10 आणि एक्झॉस्टला 0.30 मिलिमीटर फट ठेवायची. एक्झॉस्ट जास्त तापतो, म्हणून त्याला तिप्पट मोकळीक. दोन 14 नंबरचे पाने, फट मोजायचा एक फिलर गेज आणि वाकून काम करायची तयारी, एवढ्यावर हे काम होतं.

आता पर्सिगची रचना पाहा. प्रत्यक्षात त्याच्याकडे 1966 ची होंडा सुपरहॉक होती. दोन सिलिंडरांची गाडी, म्हणून टॅपेट चार. हे चार टॅपेट त्यानं एकामागून एक सांगून मोकळं व्हायचं नाकारलंय. पहिला तपासला, बरोबर निघाला. मग मोजमापाच्या हत्यारांविषयी चिंतन. दुसरा बरोबर. तो गाडीच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसतो. पुन्हा विचार. तिसरा बरोबर. आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मधे, वाचकाचा जीव टांगणीला लागलेला असताना, हा गृहस्थ पोलादाविषयी बोलत बसतो: पोलादाला स्वतःचा आकार असा नसतोच, टॅपेटसारखे सगळे आकार माणसाच्या डोक्यातून निघून धातूत उतरलेले असतात. एरवी हा उतारा कोरडा वाटला असता. इथे तो वाटत नाही, कारण आपलं अर्धं लक्ष न तपासलेल्या चौथ्या टॅपेटवर असतं. कीर्तनकार ऐन प्रसंगी आख्यान थांबवून निरूपणाला लागतो, तसाच हा प्रकार आहे.

पण जीव टांगणीला का लागावा? एक टॅपेट सैल असला काय आणि नसला काय! याचं उत्तर लेखकानं मधेच, जाता जाता दिल्यासारखं देऊन ठेवलंय, आणि या पानांचा सगळा ताण तिथे आहे. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग सैल झालं तर तोही सुरुवातीला टॅपेटसारखाच वाजतो. आवाज जर रॉडचा असेल आणि तसंच डोंगर चढायला निघालं, तर वाटेत रॉड सुटेल आणि इंजिनाचा चुराडा करील. म्हणजे त्या सकाळी तो फट मोजत नसून आवाज नेमका कोणाचा, हे शोधतोय. पहिले तीन टॅपेट बरोबर निघाले ही इतर वेळी चांगली बातमी ठरली असती. इथे प्रत्येक बरोबर टॅपेटनिशी भीती वाढत जाते. चौथा सैल निघतो, आणि निवेदक सांगतो की त्याला हेच हवं होतं. दोष सापडल्याचा एवढा निखळ आनंद मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. त्याबद्दलही तो दोन शब्दांवर तिसरा खर्च करत नाही.

नागपुरातल्या गॅरेजमध्ये हाच प्रश्न लांब स्क्रू-ड्रायव्हरनं सोडवला जातो. पातं इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि जागा बदलत ऐकायचं. एका जुन्या मिस्त्रींना असं ऐकताना पाहिलं होतं. वरचं झाकण, मग ब्लॉकची कूस, मग खालचा चेंबर. मधेच डिझेल पंपाकडून एका सिलिंडरला जाणारा पाइप जरा ढिला करून त्या सिलिंडरचा स्फोट बंद पाडला, पुन्हा ऐकलं आणि गाडीमालकाला म्हणाले, “भाऊ, टापेट नाई वाजून रायले. आवाज खालून येऊन रायला.” मालकाचा चेहरा पडला. त्या दोन वाक्यांत हजारोंचा फरक होता. त्यामागचं शास्त्र पक्कं आहे. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, त्यामुळे टॅपेटची टिकटिक निम्म्या तालात आणि बारीक आवाजात येते. रॉडचा ठोका जड असतो, लोड आला की वाढतो आणि त्या सिलिंडरचा स्फोट काढून घेतला की दबतो. टॅपेटला स्फोट असला-नसला तरी विशेष फरक पडत नाही. मिस्त्रींनी पर्सिग वाचलेला असण्याचं काही कारण नाही. पर्सिगला मात्र ते नक्की आवडले असते.

नक्की? इथे माझी थोडी कुरकुर आहे. फिलर गेजची पातळ पत्ती हातात घेतल्यावर निवेदकाला आपण देवळात असल्यासारखं वाटतं. बनारस हिंदू विद्यापीठात शिकून गेलेला माणूस, विधीचं महत्त्व त्याला कोण सांगणार! पण हा पवित्र भाव तो एकांताला बांधून टाकतो. दुसऱ्या प्रकरणातल्या त्याच्या नावडत्या मेकॅनिकांचा पहिला गुन्हा तर हाच की ते मोठ्यानं रेडिओ लावून काम करत होते. आपल्याकडे रेडिओ चालू असतो, मॅचचा स्कोअर विचारला जातो, पोऱ्या चहा आणतो, समोरचा दुकानदार उधारीवरून हाका मारतो, आणि त्या सगळ्या कलकलाटात कान बरोबर त्या टिकटिकीवर असतो. लक्ष द्यायला शांतताच लागते, हे काही मला पटत नाही.

त्या दुसऱ्या प्रकरणाकडे मात्र परत जायला हवं, कारण आठव्याचा खरा अर्थ तिथे आहे. निवेदकाची गाडी वेगात असताना जाम होते. त्या वेळी आपण स्वतः कशाला हात काळे करा, असा विचार करून तो ती दुकानात टाकतो. पिस्टन सैल वाजत असतात. एक पोरगा येतो, जेमतेम ऐकतो आणि निदान सांगून टाकतो: टॅपेट. पुढे छिन्नी-हातोडीनं झाकणं फोडली जातात, 140 डॉलरचं बिल होतं आणि गाडी पुन्हा जाम होते ती होतेच. खरं कारण शेवटी निवेदकालाच सापडतं. ऑइल पोचवणाऱ्या आतल्या यंत्रणेतली 25 सेंटची एक पिन तुटली होती, त्यामुळे वेगात हेडपर्यंत ऑइल जातच नव्हतं. तिथे टॅपेट नसताना टॅपेट म्हटलं गेलं. आठव्यात टॅपेटच असताना तो चारही तपासल्याशिवाय ते म्हणायला धजत नाही. लेखकानं या दोन प्रसंगांचा संबंध कुठेही जोडून दाखवलेला नाही. तो वाचकानं जोडायचा आहे. माइल्स सिटीतल्या त्या संथ, जवळजवळ कंटाळवाण्या काटेकोरपणामागे त्या पोराचं ते उथळ निदान सलतंय, हे एकदा ध्यानात आलं की पानं वेगळीच दिसू लागतात.

आणि आता हायड्रॉलिक टॅपेट. मॅटाडोरऐवजी 1980च्या दशकातली फोक्सवॅगनची कॅम्पर व्हॅन डोळ्यांसमोर आणा, मागे 1.9 लिटरचं पाण्यानं थंड होणारं इंजिन बसवलेली. किंवा लांब कशाला जायचं, 2009 नंतरची क्लासिक 500 बुलेट घ्या. यांच्यात फट ठेवायचीच नाही. टॅपेटच्या पोटात एक छोटा पिस्टन, खाली स्प्रिंग आणि एक बारीक गोळी असते. इंजिनाच्या दाबानं ऑइल आत येतं, गोळी परतीची वाट बंद करते आणि ऑइल दाबून लहान होत नसल्यामुळे टॅपेट भरीव धातूसारखा वागतो. जेवढी फट पडेल तेवढी तो ऑइलनं आपोआप भरून काढतो. कल्पना जुनी आहे; कॅडिलॅकनं 1930 च्या सोळा सिलिंडरांच्या इंजिनात आवाज मारण्यासाठी हीच युक्ती केली होती. जुन्या बुलेटचे पुशरॉड दोन बोटांत फिरवून ‘फिरला पाहिजे पण वर-खाली हलला नाही पाहिजे’ असं सेटिंग करणाऱ्या हातांना यानं काम उरलं नाही. फिलर गेजही डब्यात गेला. पर्सिगचं देऊळ बंद!

म्हणून हा उतारा शिळा झाला का? मला वाटतं, हायड्रॉलिक टॅपेटनं आठवं प्रकरण जुनं केलं आणि दुसऱ्या प्रकरणाला धार आणली. जुन्या कॅम्परचे टॅपेट वाजू लागले की मालकाच्या तोंडी पहिलं वाक्य येतं, ‘टॅपेट बदलून टाकू.’ बदलता येतात, त्यात शंका नाही. पण इथे आवाज करणारा भाग आणि बिघडलेला भाग एकच असेल असं नाही. रात्रभर उभ्या गाडीच्या टॅपेटमधून ऑइल निथळलेलं असतं, त्यामुळे सकाळी काही सेकंद टिकटिक झाली तर ती माफ. गाडी गरम झाल्यावर सिग्नलला वाजत असेल, तर आधी ऑइल पाहायचं. नागपूरच्या उन्हात, पंचेचाळीसच्या वर पारा गेलेला असताना, पातळ झालेल्या जुन्या ऑइलचा दाब आयडलला पडतो आणि चांगला टॅपेटही बोलू लागतो. ऑइल पंप झिजलेला असेल, बेअरिंगं सैल होऊन दाब गळत असेल, तरी आवाज टॅपेटचाच येणार. एखादाच टॅपेट सतत वाजत असेल तर गोळीखाली कचरा अडकला असेल किंवा तो आतून झिजला असेल. दाब न मोजता आठही नवे टॅपेट घालणारा माणूस त्या दुकानातल्या पोराचाच सख्खा भाऊ. वरचं बदललं, 25 सेंटची पिन खाली तशीच.

टॅपेट काढल्यावर त्यांची परीक्षाही हातानंच होते, हे मला या सगळ्यात सुखाचं वाटतं. अंगठ्यानं मधला पिस्टन दाबायचा. ऑइलनं भरलेला टॅपेट अंगठ्याला दाद देत नाही. रिकामा झालेला किंवा झिजलेला सहज खाली जातो. मग तळ उजेडात धरून पाहायचा. नव्या टॅपेटचा तळ अगदी किंचित फुगीर असतो, म्हणजे कॅमवर घासताना तो स्वतःभोवती फिरत राहतो. मधे खळगा पडला असेल तर तो फिरायचा थांबलाय, आणि मग नजर कॅमच्या उंचवट्यावर टाकावीच लागते. खराब कॅमवर नवा टॅपेट घालणं म्हणजे पैसे पाण्यात. जे परत घालायचे ते ज्याच्या त्याच्या घरात, अदलाबदल नाही, कारण प्रत्येकाचा तळ आपापल्या कॅमशी जुळलेला असतो. नवे घालायचे तर स्वच्छ ऑइलमध्ये बुडवून, दाबून दाबून आतली हवा काढून. बसवल्यावर लगेच सेल मारायचा नाही. फुगलेला टॅपेट वाल्व्ह उघडाच धरून ठेवतो आणि खालून पिस्टन वर येत असतो. थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग इंजिन हातानं फिरवून पाहायचं. ही सगळी वाट पाहण्याची कामं आहेत, आणि पर्सिगनं टॅपेटांच्या मधे जागा सोडून सोडून नेमकी तीच रीत कागदावर आणली आहे.

त्या उताऱ्याचा शेवट पाहा. चौथा टॅपेट सेट होतो. टायमिंग बरोबर, पॉइंट चांगले, म्हणून त्यांना तो हात लावत नाही; ही न लावलेल्या हाताची नोंदही मला महत्त्वाची वाटते. झाकणं बसतात, प्लग लागतात, गाडी सुरू होते. आवाज गेलेला असतो. दुसऱ्या कोणी लेखकानं इथे सुस्कारा सोडून परिच्छेद संपवला असता. पर्सिग लगेच बजावतो की ऑइल अजून थंड आहे, तेव्हा यावरून फार काही ठरत नाही. हायड्रॉलिक टॅपेट बदललेल्या कॅम्परलाही हेच लागू आहे, फक्त उलट्या बाजूनं: सुरुवातीला थोडा वेळ ती वाजेलसुद्धा, आत अडकलेली हवा निघेपर्यंत. निकाल लागतो तो ऑइल तापल्यावर, गाडी रस्त्यावर गेल्यावर. निवेदक इंजिन चालू ठेवूनच हत्यारं आवरतो, गाडीवर बसतो आणि दुकान शोधायला निघतो, कारण त्याला चेनच्या ॲडजस्टरची एक कडी आणि पायटेकूचं रबर अजून घ्यायचं असतं.