फोकबोटीचं हिवाळी कव्हर

शिवलेला कपडा पारखताना जाणकार तो आधी उलटा करून पाहतात. बोटीचं कव्हर पाहताना मी आधी त्याची उघडी टोकं शोधतो. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर हिवाळ्याआधी छोट्या शिडाच्या बोटी क्रेनने उचलून जमिनीवर ठेवतात, डोलकाठ्या उतरवतात आणि वसंत येईपर्यंत त्या झाकलेल्या राहतात. अशाच एका रांगेत निळ्या, हिरव्या ताडपत्र्यांच्या बोचक्यांमध्ये एक लाकडी फोकबोट उभी होती. तिचं कव्हर अंगाबरोबर बेतलेलं होतं, आणि पुढच्या-मागच्या दोन्ही टोकांना चक्क उघडं होतं.

आधी बोटीविषयी. सामान्य पगारदाराला परवडेल अशा शिडाच्या बोटीसाठी स्कँडिनेव्हियात स्पर्धा झाली, पहिलं बक्षीस कुणालाच मिळालं नाही, आणि निवडक आराखड्यांतले गुण एकत्र करून टोर्ड सुंदेन यांनी जी रेखाटली ती ही. पहिली बोट 1942 साली गोथेनबर्गला पाण्यात उतरली. लांबी 7.64 मीटर, रुंदी 2.20. केबिन इतकी बुटकी की आत जाणारा माणूस वाकूनच वावरतो. जुन्या फोकबोटींच्या फळ्या एकमेकींवर कड चढवून बसवलेल्या असतात.

अशा बोटीला समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाचं पाणी जास्त छळतं. खाऱ्या पाण्यात लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला जगणं अवघड जातं. गोड्या पाण्यात ती सुखाने नांदते. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर रेंगाळला की तिचं फावतं. केबिनची भिंत डेकला मिळते त्या कोपऱ्यात पाणी साचतं, सांध्यात शिरतं, थंडीत गोठून नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं आणि सांधा आणखी उघडतं. म्हणून लोक ताडपत्री घट्ट आवळून बांधतात आणि निश्चिंत होतात.

पण पाणी आतही असतं. वीस अंशांची दमट हवा घनमीटरमागे सुमारे 17 ग्रॅम वाफ धरून ठेवू शकते, शून्य अंशाला जेमतेम पाच. दुपारच्या उन्हात आवळलेल्या ताडपत्रीखाली हवा तापते, बोटीच्या तळातला ओलावा शोषून घेते आणि रात्री तोच छताच्या आतल्या बाजूने टिपकतो. मार्चमध्ये अशा केबिनमध्ये डोकं घातलं की आधी वास येतो, मग गाद्यांवरचे काळे ठिपके दिसतात. बाहेरून एक थेंबही शिरलेला नसतो.

या कव्हरची खरी कामगिरी इथे कळते. ते केबिन बंद करत नाही. केबिन उघडी ठेवण्याची सोय करतं. बोटीच्या लांबीभर एक आढं, त्यावरून दोन्ही बाजूंना बर्फ घसरून जाईल इतका तीव्र उतार, आणि नाळेकडे व मागे त्रिकोणी खिडक्या. कापड केबिनला कुठेच टेकत नाही. त्यामुळे वरची झडप सरकवलेली, दाराच्या फळ्या काढलेल्या, आतल्या तळाच्या पाट्या उचललेल्या, गाद्या घरी नेलेल्या. बर्फ पडत असताना वारा पुढून शिरतो आणि मागून निघून जातो.

मग शिवण. इथे मी बराच वेळ थांबलो. कापडाचे पट्टे आडवे घेतले आहेत: एका काठापासून आढ्यावरून दुसऱ्या काठापर्यंत. म्हणजे प्रत्येक शिवण पाण्याच्या वाटेनेच खाली उतरते, तिला आडवी जात नाही. उभे पट्टे लावले असते तर शिवणी कमी लागल्या असत्या आणि दर शिवणीपाशी पाणी अडलं असतं. बोट फुगते त्या मधल्या भागाखाली मात्र एक लांब जोड टाळता आलेला नाही. तिथे वरच्या पट्ट्याची कड खालच्यावर बाहेरून चढवली आहे, दुहेरी दुमडून. खाली बोटीच्या फळ्या तशाच चढवलेल्या आहेत! शिंप्याने हे मुद्दाम केलं की पाण्यानेच दोघांना एक रीत शिकवली, कोण जाणे. दोरा टेफ्लॉनच्या जातीचा आहे. महागडा, पण पॉलिएस्टरचा दोरा उन्हाने आधी झिजतो आणि कापड धडधाकट असताना शिवण उसवते.

कापड अ‍ॅक्रिलिकचं; सूत कातण्याआधीच रंग त्यात मिसळलेला, त्यामुळे फिकं पडायला वेळ लागतो. पूर्वीचं सुती किंतान ओलं झालं की त्याचे धागे फुगून वीण मिटायची आणि कोरडं झालं की पुन्हा श्वास घ्यायचं. ते ओलं गुंडाळून ठेवलं तर मात्र बुरशीला मेजवानीच. कोकणात पावसाळ्यासाठी होड्या शाकारताना नारळाच्या झापांखाली हवा खेळायची. त्यांच्या जागी आलेल्या प्लास्टिकने पाणी अडवलं, पण हवाही अडवली.

काठाच्या बांधणीत शहाणपण दिसतं. दोऱ्या बोटीखालून पलीकडे नेल्या आहेत, आधाराच्या टेकूंना बांधलेल्या नाहीत. टेकूला बांधलेलं कव्हर वादळात फडफडलं तर टेकूच ओढून काढतं आणि जवळपास दोन टनांची बोट कलंडते. जिथे आढ्याची चौकट आणि विंचचं डोकं कापडाला घासतं, तिथे आतून जाड ठिगळं. नव्या कव्हरला ठिगळ लावायला शिंप्याला बोटीची ओळख असावी लागते. कागदावरच्या मापांनी ते जमत नाही. बोटीवर पातळ प्लास्टिक ताणून, प्रत्येक अडथळा पेन्सिलीने टिपून बेत काढावा लागतो.

दोष एकच, पण तो खटकतो. आत शिरायच्या दाराची चेन प्लास्टिकची आहे, हे ठीक. तिच्यावर झाकणपट्टी आहे, हेही ठीक. पट्टीची मोकळी कड मात्र पश्चिमेकडे आहे, आणि या किनाऱ्यावर वारा-पाऊस बहुतेक तिकडूनच येतो. वाऱ्याने ती उचलली जाते आणि चेनीवाटे पाणी आत झिरपतं; दाराखालचा डेक ओला होता. बोट दुसऱ्या दिशेने तोंड करून उभी केली असती तर हीच पट्टी बिनचूक ठरली असती. पण यार्डातली जागा कव्हर शिवणाऱ्याच्या हातात नसते. पट्टी दोन्ही बाजूंनी ठेवून एक कड वेलक्रोने बसवायला हवी होती.